मेंदूच्या व्यायामाचे ४५ हजार: भरावेत का?

मांजलपूरची_आई | रविवार, रात्री ११:१०

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मुलगा साडेनऊ वर्षांचा, चौथीत. शाळा इंग्रजी, घरात मराठी, जिन्यात गुजराती. पहिलीपासून प्रत्येक पालकसभेत एकच वाक्य ऐकून घरी येते: "छोकरो होशियार छे, पण ध्यान ज नथी आपतो." यंदा पाण्याच्या सहा बाटल्या हरवल्या. गणिताच्या वहीत पहिली तीन उदाहरणं बरोबर, चौथ्यात बेरजेच्या जागी वजाबाकी, पाचव्याच्या जागी पतंगाचं चित्र. जेवताना ताटावरून चारदा उठतो.

दिवाळीनंतर बालमनोविकारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. दोन भेटी, एक फॉर्म शाळेने भरलेला, एक आम्ही, आणि मग त्यांनी एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्थिर बसणं जड जातं ती अडचण) असल्याचं सांगितलं. औषधाचा विषय काढला, तेव्हा आम्ही "विचार करून कळवतो" म्हणून उठलो. नवरा औषधाच्या विरोधात. सासूबाई निदानाच्याच विरोधात, "हाही असाच होता" म्हणतात. (म्हणजे नवरा. आणि तो खरंच अजून तसाच आहे.)

तेवढ्यात इथे बडोद्यातल्या एका सेंटरची जाहिरात दिसली. डोक्याला पट्टा बांधतात, समोर स्क्रीनवर विमान. लक्ष एकवटलं की विमान वर जातं, भरकटलं की खाली येतं. शिवाय घरी टॅबवर रोज ४० मिनिटं स्मरणशक्तीचे खेळ. ४० सेशन, ४५ हजार. एकरकमी भरले तर ४० हजार. डेमोला पोरगा २० मिनिटं जागचा हलला नाही. इतका वेळ स्थिर मी त्याला फक्त तापात पाहिलाय. बाहेर येऊन मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

नवरा म्हणतो, गोळीपेक्षा खेळ बरा. कोणी केलंय का हे? फरक पडतो का?

शेवउसळ | रविवार, रात्री ११:३२

आमच्या वेळी हा कोर्स फुकट होता. एक कानाखाली, एक सेशन. विमान थेट वर.

वाघोडिया_रोड | सोमवार, सकाळी ७:०५

वरच्यांकडे लक्ष देऊ नका ताई. मी केलंय. याच शहरात, सेंटर दुसरं. दोन वर्षांपूर्वी ३२ हजार भरले. मुलगी तेव्हा नऊची.

शेवटी रंगीत रिपोर्ट मिळाला, लक्ष ६१ टक्क्यांवरून ८४ टक्क्यांवर. कशाचे टक्के ते मी विचारलं नाही, आलेख वर गेलेला बघूनच समाधान झालं. शाळेत? दप्तर तसंच, अर्धवट गृहपाठ तसाच, बाईंची लाल शाईही तशीच. हे कबूल करायला मला सहा महिने लागले. तोवर नातेवाइकांत "खूप फरक पडला हो" असंच सांगत फिरलो. ३२ हजार भरलेल्या माणसाला फरक दिसावाच लागतो.

एक मात्र खरं. जाता-येता स्कूटरवर वीस-वीस मिनिटं ती मागे बसून माझ्याशी बोलायची. तेवढं चांगलं झालं. पण त्याला पट्टा लागत नव्हता.

जुनाबडोदेकर | सोमवार, सकाळी ८:४०

मुलाला व्यायामशाळेत घाला. आमच्या लहानपणी जुम्मादादा व्यायामशाळेत संध्याकाळी जायचं म्हणजे जायचं. मल्लखांबावर लक्ष भरकटलं की माणूस खाली येतो, विमान नाही. ज्या बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या गावात मुलाने लक्ष द्यावं म्हणून टीव्हीपुढे बसवायचं? कमाल आहे.

कोडवाला | सोमवार, दुपारी १:१५

माझं पोट याच धंद्यावर आहे (मोबाइल गेम, मेंदूचे नव्हेत), म्हणून पडद्यामागचं सांगतो.

ताई, डेमोत तो २० मिनिटं हलला नाही ही आमची कारागिरी. त्याचा मेंदू त्यात सुधारला असं नाही. चांगल्या गेममध्ये दर दोन-तीन सेकंदांना काहीतरी मिळतं: आवाज, नाणं, चमक. चुकलात तर त्याच क्षणी कळतं. तीनदा हरलात तर आम्ही गुपचूप लेव्हल सोपी करतो, सलग जिंकलात तर अवघड. पोरगं कायम "जमेल, थोडक्यात हुकलं" या काठावर राहतं. आता शेजारी अपूर्णांकांची वही ठेवा. सोमवारी सोडवली, गुरुवारी तपासून आली. एडीएचडीच्या मुलाला लक्षच नसतं हा गैरसमज आहे. लक्ष असतं, पण हवं तिथे नेऊन टिकवणं जमत नाही, आणि लांबचं बक्षीस त्याला ओढत नाही. तेव्हा गेमवर तासभर बसणं आणि वहीवर पाच मिनिटं न बसणं यात विसंगती काहीच नाही, दोन्ही एकाच कारणाने होतं.

तरी सगळंच थोतांड म्हणणार नाही. अमेरिकेत २०२० च्या जूनमध्ये एफडीएने (तिथली औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) एन्डेव्हर-आरएक्स नावाच्या गेमला परवानगी दिली, ८ ते १२ वयाच्या मुलांसाठी, डॉक्टरच्या चिठ्ठीवर. टॅब डावी-उजवीकडे कलवून नाव हाकायची आणि त्याच वेळी ठरावीक चित्र आलं तरच बोट लावायचं. दिवसाला २५ मिनिटं, आठवड्यात पाच दिवस, चार आठवडे. चाचणीत ३४८ मुलं होती. निम्म्यांना हा गेम, उरलेल्यांना शब्दांचा एक साधा गेम. संगणकावरच्या लक्षाच्या चाचणीत पहिला गट स्पष्ट पुढे. पण आईवडिलांना आणि डॉक्टरांना प्रश्नावली दिली तर दोन्ही गट थोडे सुधारलेले, आणि एकमेकांच्या बरोबरीने! म्हणजे पोरगा संगणकावर सुधारला, जेवणाच्या ताटावर नाही.

आणि हा उत्तम पैसा, उत्तम डोकी लावून बनवलेला गेम. गल्लीतल्या सेंटरचं सॉफ्टवेअर कोणी तपासलंय, विचारा.

मांजलपूरची_आई | सोमवार, दुपारी ३:५०

"जेवणाच्या ताटावर नाही" वाचून हसले आणि पोटात गोळाही आला. पण माझा मुख्य प्रश्न पट्ट्याचा आहे. तो तर थेट मेंदूच्या लहरी मोजतो म्हणाले ना?

तिसरा_बाक | सोमवार, रात्री ९:२०

विशेष शिक्षिका आहे, सतरा वर्षं याच मुलांबरोबर. आधी शेवउसळ यांना: दादा, कानाखाली खाल्लेली मुलं पुढे माझ्याकडेच येतात, लक्ष तेवढंच आणि वर भीती. पुढे चला.

पट्ट्याला न्यूरोफीडबॅक म्हणतात. लहरी खरंच मोजतात, ते खोटं नाही. प्रश्न असा की विमान वर नेण्याचा सराव केल्याने मूल बदलतं का. हे तपासायला अमेरिकेत एक सुंदर प्रयोग झाला, २०२१ मध्ये छापून आला. ७ ते १० वर्षांची १४४ मुलं, ३८ सेशन. काहींच्या स्क्रीनवर त्यांच्याच मेंदूच्या लहरी, आणि काहींच्या स्क्रीनवर आधी रेकॉर्ड केलेल्या दुसऱ्याच मुलाच्या! कोण कुठल्या गटात हे मुलांना, पालकांना, शिकवणाऱ्यांना, कोणालाच माहीत नाही. शेवटी दोन्ही गट सुधारले. सारखेच. दुसऱ्याच्या मेंदूवर विमान उडवूनही आईला फरक दिसला. वाघोडिया रोडवाल्या भाऊंनी त्यांचं गुपित सांगितलंच आहे.

मग सुधारणा आली कुठून? मूल वर्षभराने मोठं होतं. आपण सेंटर गाठतो ते सगळ्यात वाईट महिन्यात, त्यानंतर थोडं बरं होतंच. आठवड्यातून तीनदा एक मोठं माणूस त्या मुलाशी न ओरडता अर्धा तास वागतं. घरी सगळे "चाललाय ना तो क्लासला" म्हणून जरा सबुरीने घेतात.

टॅबवरच्या स्मृतीच्या खेळांचं मूळ स्वीडनमध्ये आहे. क्लिंगबर्ग नावाच्या संशोधकाने २००५ मध्ये ५३ मुलांवरचा अभ्यास छापला, पाच आठवड्यांचा सराव. निकाल आशादायक होते, मीही तेव्हा उत्साहाने वाचले. पुढे २०१५ मध्ये अशा १६ चाचण्या एकत्र मांडून पाहिल्या. ज्याचा सराव केला ती स्मृती सुधारते, हे दिसलं. पण उपचार कोणाला मिळाला हे माहीत नसलेल्या माणसाने लक्षणं मोजली की फायदा अगदी बारीक उरतो. आकडे उलटे म्हणायचा सराव केला की आकडे उलटे म्हणता येतात. डबा दप्तरात ठेवायचं लक्षात राहील याची हमी त्यातून येत नाही. पोहे छान जमू लागले म्हणून पुरणपोळी आपोआप जमत नाही, तसं.

साधा_माणूस | सोमवार, रात्री १०:०५

म्हणजे शेवटी गोळ्या द्या, असंच ना? सगळं औषध कंपन्यांचं. मोबाइल आले आणि हे आजार आले. आधी कुठे होते?

तिसरा_बाक | सोमवार, रात्री १०:३१

लंडनला जॉर्ज स्टिल नावाच्या डॉक्टरांनी १९०२ मध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली. चार्ल्स ब्रॅडलींनी १९३७ मध्ये अशा मुलांवर औषधाचा परिणाम नोंदवला. मोबाइल तेव्हा नव्हता.

मोबाइलने त्रास वाढतो, कबूल. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं, ५ ते १० वयात स्क्रीन दिवसाला दोन तासांच्या आत, आणि त्यातही झोप, खेळ, अभ्यास यांच्यावर गदा न आणता. आता सेंटरचा "घरी टॅबवर रोज ४० मिनिटं" हा गृहपाठ कशातून वजा करायचा, ते तुम्हीच सांगा.

संपादक मंडळ | सोमवार, रात्री ११:००

सेंटरचं नाव आणि फोन नंबर असलेला एक प्रतिसाद काढला आहे. तो बहुधा सेंटरवाल्यांचाच होता.

शेवउसळ | सोमवार, रात्री ११:१२

त्यांचं लक्ष बरं आहे, कुठे काय लिहिलंय लगेच कळतं.
(बाई, कालच्या विनोदाबद्दल सॉरी. खरंच.)

अर्धवट_वही | मंगळवार, रात्री १२:४८

हा प्रतिसाद तीन वेळा सुरू करून सोडलाय, टोपणनावावरून ओळखा.

मी ३४ वर्षांचा, निदान ३१ व्या वर्षी. लहानपणी कारेलीबागेतल्या सगळ्या ट्यूशनमधून काढलं गेलेला पोरगा. ॲबॅकस झालं, वैदिक गणित झालं, स्मरणशक्तीचं चूर्ण झालं. नंतर भाच्याला तर "मिडब्रेन ॲक्टिव्हेशन"ला घातलं होतं, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचतात ते. पोरं नाकाशेजारच्या फटीतून बघतात. भाच्याने मला पहिल्याच दिवशी दाखवलं, आईला मात्र आठ महिने सांगितलं नाही, कारण ती खूश होती. हे वाक्य मी विसरू शकत नाही.

व्हिडिओ गेममध्ये मी कॉलेजात एक नंबर होतो. मेंदूच्या व्यायामाने लक्ष वाढत असतं तर मी आज कलेक्टर असतो.

औषधाबद्दल लिहितो, कारण घाबरून मीही दोन वर्षं टाळलं. मिथाइलफेनिडेट घेतल्यावर डोक्यात दिवाबिवा लागला नाही. पहिल्या दिवशी काय झालं? विजेचं बिल आलं होतं, ते मी वाचलं. पूर्ण. मग भरलं. मग बसून राहिलो, की लोक रोज असंच करतात?

त्रासही सांगतो. दुपारची भूक जाते, उशिरा घेतलं तर झोप उडते. मुलांमध्ये वजन-उंची नियमित बघतात. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, आणि मी डॉक्टर नाही. आपल्याकडे ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे: चिठ्ठी दोन प्रतींत, एक दुकानदार ठेवून घेतो. प्रत्येक मेडिकलवाला ठेवतही नाही. चार दुकानांत "नथी" ऐकून वाटतं आपण काहीतरी गुन्हा करतोय. गुन्हा नाही. आठवडाभर आधी फोन करून ठेवायचा, बस.

जुनाबडोदेकर | मंगळवार, सकाळी ६:१०

वाचलं. रात्री बाराला लिहू नये, झोपावं. पण चांगलं लिहिलंस बाळा.

मांजलपूरची_आई | मंगळवार, दुपारी ४:३०

भाच्याचं वाचून फोन बाजूला ठेवला थोडा वेळ. डेमोनंतर माझा मुलगाही मला विचारत होता, "आई, तू खूश झालीस ना?"

तिसरा बाक ताई, मग करू काय? आणि आजोबांचा मल्लखांब चालेल का?

तिसरा_बाक | मंगळवार, रात्री ८:५५

मल्लखांब जरूर. पळण्या-चढण्याने या मुलांना बरं वाटतं, झोप लागते, आणि आजोबा म्हणाले ते बरोबर, चूक लगेच कळते. आवडला तर ठेवा. पण औषध म्हणून घालू नका, नाहीतर तोही क्लास होतो आणि तिथेही तो नापास होतो.

आधी तपासण्या. डोळे, कान. झोपेत घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का. रक्तात लोह किती. वर्गात मध्येच काही सेकंद "हरवत" असेल, हाक मारूनही भानावर येत नसेल, तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, एका प्रकारची फिट अशीच दिसते. आणि वाचन-लेखन नीट तपासून घ्या. बऱ्याच मुलांना लक्षाबरोबर अध्ययन अक्षमताही असते, आणि मग वही टाळण्याचं कारण वेगळंच निघतं. तिचं नाव दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलती मिळू शकतात. हे पालकांना फार उशिरा, दहावीच्या तोंडावर कळतं.

घरात एकच गोष्ट सुरू करा, दहा नको. एक कार्ड. त्यावर तीन ओळी, तुम्हाला हव्या त्या, पण डोळ्यांना दिसतील अशा. "नीट वाग" चालत नाही. "डबा दप्तरात परत आला", "डायरीत गृहपाठ लिहिला", "पहिली पाच उदाहरणं सोडवली" हे चालतं. शाळेत बाई खूण करतात, संध्याकाळी घरी लगेच छोटं काहीतरी मिळतं. कोडवाला म्हणाला ना, गेम दर दोन सेकंदांना देतो? आपण निदान दर दिवशी देऊ. त्याच्या धंद्यातली तेवढी युक्ती चोरायची.

बाईंना म्हणावं पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब, आणि एका वेळी एकच सूचना.

औषधाचं तुम्ही आणि डॉक्टर ठरवा, मी त्यात पडणार नाही. एवढंच सांगते की १९९९ मध्ये अमेरिकेत ५७९ मुलांचा १४ महिन्यांचा मोठा अभ्यास झाला होता, त्यात मूळ लक्षणांवर नीट देखरेखीखालचं औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं. यजमानांना सोबत न्या आणि त्यांचे सगळे प्रश्न त्यांनाच विचारू द्या. तुमच्या तोंडून ऐकलं की नवरे ऐकत नाहीत.

वाघोडिया_रोड | मंगळवार, रात्री ९:१०

शेवटच्या वाक्याला अनुमोदन, मी स्वतः नवरा आहे.

कोडवाला | बुधवार, सकाळी ११:००

एक राहिलं. सेंटरवर जाणारच असाल तर एवढंच विचारा: "तुमच्या खेळाव्यतिरिक्त कशात फरक पडतो, आणि तो कोणी मोजला?" अमेरिकेत लुमॉसिटी या मेंदूच्या खेळांच्या बड्या कंपनीला जाहिरातीतले दावे सिद्ध करता आले नाहीत. २०१६ च्या जानेवारीत तिथल्या व्यापार आयोगाशी तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले. शाळेतली कामगिरी सुधारते हाही त्यातलाच एक दावा होता.

मांजलपूरची_आई | १७ जानेवारी, रात्री १०:२०

धागा वर आणतेय, अपडेट द्यायचं राहिलं होतं.

पैसे भरले नाहीत. कोडवाला यांचा प्रश्न विचारला, तिथली मुलगी गोड हसून म्हणाली, "मॅडम, पॅरेंट्स फीडबॅक बहु सारा छे." मी उठले.

कान ठीक. डोळ्यांना थोडा नंबर निघाला. लोह कमी आहे, सिरप सुरू झालं. त्याने सगळं सुटणार नाही हे डॉक्टर बाईंनी आधीच बजावलं. वाचन-लेखनाची तपासणी पुढच्या महिन्यात.

नवरा सोबत आला. पाऊण तास प्रश्न विचारत होता. बाहेर येऊन स्कूटरला किल्ली लावेना, नुसता उभा. मग म्हणाला, "त्या फॉर्ममधले अर्धे प्रश्न माझ्याबद्दल होते." औषधाचं अजून नक्की नाही. "परीक्षा होऊ दे" म्हणतोय, पण "नाही" म्हणायचं थांबलाय.

कार्ड चालू आहे. पहिल्या आठवड्यात १५ पैकी ६ खुणा, दुसऱ्यात ११, तिसऱ्यात परत ७. मी खचले होते, तिसरा बाक ताईंनी खासगी निरोपात समजावलं. बाटली मात्र एकच हरवली. बक्षीस त्यानेच ठरवलं होतं, उत्तरायणाची फिरकी. १३ तारखेला संध्याकाळी बापलेक गच्चीवर बसून पतंगांना किन्ना बांधत होते, मोजून ४० पतंग. मधे तीनदा उठला, एकदा शेजारच्या गच्चीवरच गेला, पण परत येऊन बसला. १४ ला सकाळी सातपासून "लपेट, लपेट". सासूबाई खाली ऊंधियू गरम करत करत ओरडत होत्या की याला कुठे काय झालंय.

मल्लखांबाला दोनदा गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, तेल लावतात ते आवडत नाही. आजोबा, रागावू नका.

जुनाबडोदेकर | १८ जानेवारी, सकाळी ६:०५

रागावलो नाही. एरंडेलाचा वास मलाही आवडत नसे. कुस्तीच्या मातीत सोडून बघा.

मांजलपूरची_आई | १८ जानेवारी, दुपारी २:१५

सांगते त्याला.

आणि हो, सेंटरवाल्यांचा फोन आज पुन्हा आला. ३२ हजारांवर आलेत.